अनुकरणवाचक

"आवाज कसा येतो ते सांगा, बाई,"
हिरामण मढवी म्हणाला
आणि हात पुसत उभा राहिला.

सव्वीस वर्षं मी सातवीला शिकवते:
पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त, अनुकरणवाचक.
कडकडाट, फडफड, सळसळ.
विजा, पाखरं, पानं मुकाट्याने ओळीत येऊन बसतात.
आणि इथे तुर्भ्यात,
खाणीच्या रस्त्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये,
नवी चार चाकं लावून आठवडाही न झालेल्या गाडीपाशी
माझी जीभ टाळूला चिकटली.

"खडखड," मी म्हणाले.
"खडखड की खुडखुड?"
"म्हणजे… बारीक."
"बारीक तर मग किरकिर. की कुरकुर?
कुरकुर असेल तर रबर आहे कुठलं तरी.
घूं असेल, स्पीडबरोबर चढणारं, तर बेअरिंग.
डावीकडे वळताना वाढतो का उजवीकडे?
ब्रेक दाबला की?"
न वाचता परीक्षेला आलेल्या पोरासारखं
मी वर पत्र्याकडे पाहिलं.

शेवटी तोंडानेच काढून दाखवला:
ट्यिक्. ट्यिक्.
टेम्पोखालचा अफरोज हसायला
फळीवरून अर्धा बाहेर आला.
मढवी हसला नाही.
"चाकाच्या एका फेऱ्याला एकदा?"
"हो."
"परत काढा. सावकाश."
इतकं लक्ष देऊन वर्गात मला कोणी ऐकलेलं नाही.

मग तो चपला शेडमध्येच ठेवून
मागच्या सीटवर बसला, डोळे मिटून.
काचा खाली, एसी बंद, गाणी बंद.
पावण्याच्या बाजूला उतार लागला
तसा म्हणाला, "आता पाय काढा. नुसती जाऊ द्या."
गाडी आपली आपण घरंगळू लागली.
मागे डंपरवाला हॉर्नवर बसलेला,
शेजारी कुठल्याशा कंपनीचा भोंगा, दुपारच्या पाळीचा,
आणि त्या सगळ्याच्या खालून, उंदराने दात लावावा तसा,
ट्यिक्.
"पुढचं डावं,"
डोळे न उघडता तो म्हणाला.

जॅकवर चाक उचललं, हाताने फिरवलं.
रिमच्या आतल्या अंगाला, बाहेरून कुणाला दिसणार नाही अशा जागी,
बॅलन्सिंगवाल्याने चिकटवलेलं वजन, दहा ग्रॅमचं,
दर फेऱ्याला कॅलिपरला घासून जात होतं.
त्याच्यावर नखाएवढी चकचकीत रेघ.
"तोल राहावा म्हणून लावलं, तेच बोंबलतंय,"
मढवी म्हणाला.
माझ्या डोळ्यांसमोरून दोन-तीन माणसं येऊन गेली.
मी काही बोलले नाही.

वजन खरवडून काढलं, दोन बोटं आत दुसरं लावलं,
चाक मशीनवर फिरवून आकडा शून्य आला तेव्हा कुठे
चहा सांगितला.
"पन्नास किलोमीटरांनी नट आवळायला या म्हणून
चाकवाल्याने सांगितलं नव्हतं?"
सांगितलं होतं.
मी ते "या हं परत" यातलं धरलं होतं.
"नवीन चाक आधी बसतं, बाई. बसलं की नट सैल."
लांब दांड्याचा पाना घेऊन
समोरासमोरचे, एकाआड एक,
सोळाच्या सोळा नट त्याने आवळले,
आणि प्रत्येकाच्या शेवटी,
कट्.

"आता हा कुठला?" मी दचकून विचारलं.
"हा चांगला. पाना पुरे म्हणतोय.
याच्यापुढे आवळलं तर आटे जातात."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर सळसळच्या खाली
मी ट्यिक् लिहिलं, आणि त्याच्या खाली कट्.
"बाई, हे पुस्तकात नाहीये,"
प्रणाली भगत म्हणाली. "परीक्षेला येणार?"
खडू हातातून सुटला, टेबलावरून घरंगळत
कडेपर्यंत गेला, खाली पडला,
दोन तुकडे झाले, एक बाकाखाली.

"हा आवाज कसा आला ते सांगा,"
मी म्हणाले
आणि हात पुसत उभी राहिले.