निरंक

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
साध्या कपड्यांत जिंतूरला जाते मी.
गल्ली तरी चालीवरून ओळखतेच.
सोलायचा लसूण बाजूला सारून
ताहेराबी खुर्ची पुसते, आधीच पुसलेली.

फॉर्मला अकरा रकाने.
नवीन मित्र. नवीन सिमकार्ड. बाहेरगावी मुक्काम.
मी लिहिते निरंक, निरंक, निरंक.

तीन वर्षांपूर्वी मुदस्सिरच्या मोबाइलात
न पाहिलेल्या देशाचा नकाशा होता
आणि तिथं न्यायला एक न पाहिलेला भाऊ.
साहेबांनी बेडी काढली नाही.
आठ रात्री समोर बसवलं त्याला,
एक म्हातारे मौलवी बोलावले, ते बोलले कमी, रडले जास्त.
मग बापाला म्हणाले, न्या घरी. आम्ही येत राहू.
कर्जासाठी चिठ्ठी दिली. चिठ्ठीनं झालं नाही,
तेव्हा स्वतः जाऊन बँकेत बसले दुपारभर.

आता तो जळालेल्या मोटारी भरतो.
तांब्याची तार बोटांतून सोडत
वेढे मोजतो ओठांतल्या ओठांत.
मी काही विचारलं की एक बोट वर: थांबा.
एक वेढा चुकला तर पुन्हा जळते म्हणे.
मोजून झाल्यावर विचारतो,
"मॅडम, और कित्ते साल आते तुम?"
"वरून आदेश येईपर्यंत."
"उपर कौन है?"
मला हसू येतं. त्याला येत नाही.

त्याची सोयरीक दोनदा मोडली,
दोन्ही वेळा मी दारात दिसले म्हणून.
याला रकाना नाही.
ताहेराबी तरीही चहात साखर जास्त टाकते.

परतीच्या एसटीत झरीच्या पुढं रेंज येते.
'आजोळ' ग्रुपवर माझ्या भाच्यानं, केदारनं,
व्हिडिओ टाकलाय. तलवारी, ढोल,
एका गल्लीवर लाल गोल,
खाली: जागे व्हा, पुढे पाठवा.
ताईनं हात जोडलेत. भाऊजींचा अंगठा.
गेल्या महिन्यातला असाच एक
मी न बघता पुढे ढकलला होता,
भाजी फोडणीला टाकता टाकता.

सोळा वर्षांचा आहे केदार.
मुदस्सिर सतरांचा होता.

फॉर्म उलटा करते. मागची बाजू कोरी.
बस उडते तशा वाकड्या रेघा ओढत
रकाने आखते अकरा.
पहिल्यावरच पेन अडतं.
नवीन मित्र:

मुदस्सिरचे सगळे मला पाठ आहेत,
बापाच्या नावासकट.