अडतीस

तार्तूच्या दवाखान्यात, रात्री पावणेतीनला
सात नंबरच्या खाटेचं यंत्र ओरडलं.
मी धावले.
लेलो गाढ झोपलेली, गळ्यातल्या झोळीत हात;
चाकांच्या स्कीवरून पडली होती सरावात.
पडद्यावर अडतीस.
हलवलं तर एक डोळा उघडून म्हणाली,
"माझं असंच असतं, सिस्टर. झोपू द्या."

खरंच आहे.
बारा हिवाळे ओटेपाच्या चढांवर
कमावलेलं हृदय, एका ठोक्याला ओंजळभर देणारं.
त्याला कसली घाई?
गजराची हद्द मी पस्तीसवर आणली.

मागच्या महिन्यात याच मजल्यावर
एंडेल होता, तिचा बाप.
त्याचेही अडतीस.
"तरुणपणी स्की केलीय, आमच्यात असंच असतं,"
आणि आम्ही मान डोलावणारच होतो.
मी आपलं सहज विचारलं,
लाकडं कोण फोडतं हल्ली?
तो खिडकीकडे बघत राहिला.
शेजारी, म्हणाला. मार्चपासून.
कुऱ्हाड उचलताना दोनदा अंधारी आली होती.
मुलीला सांगू नका.

आता त्याच्या गळपट्टीच्या हाडाखाली
काडेपेटीहून लहान पेसमेकर आहे,
साठाच्या खाली उतरू देत नाही.

मी लेलोचं मनगट धरते.
एक ठोका.
मग इतकी लांब शांतता,
जसं बर्फात कुणी पाऊल उचललंय
आणि अजून टेकवलं नाही.
"चक्कर? जिने चढताना दम?"
"जिने?" ती झोपेतच हसते.
पडद्यावर बावन्न.

तरी वहीत एक ओळ लिहून ठेवते:
वडील, एंडेल. सकाळी डॉक्टरांना सांगणे.