वळसा

पेट्रोल पंपामागच्या नळावर
सात लिटर भरून घेतलं.
दोन पुढच्या फोर्कला, तीन चौकटीत, एक पाठीवर,
आणि एक वेगळं, ज्याला हात लावायचा नाही.
पंपावरच्या नाबोरनं विचारलं, कुठे?
मी बोटानं हवेत गोल काढला.
म्हणाला, म्हणजे इथेच.
हो. इथेच. पाच दिवसांनी.

पहिला दिवस पन्हळी पत्र्यावरून गेला.
दात वाजतात, बेल आपोआप वाजते,
मनातलं एक वाक्य पुरं होत नाही.
मग वाळू. उतरा, ढकला, बसा, उतरा.
टायरमधली हवा सोडत सोडत आणली
पिकल्या पेरूइतक्या मऊपणावर.
दोन्ही अंगांना सिरिओची झाडं,
उंच, सडपातळ, फांदीबिंदी नाही,
त्यातली काही वर जाता जाता मत बदललेली,
कमान करून पुन्हा जमिनीला विचारायला आलेली.

दुसऱ्या दुपारी, हात न लावायच्या पाण्याला
हात लावला.
सावली एकच होती, सायकलची.
तिच्यात डोकं तेवढं मावलं.

लिब्रादा आर्सेच्या कुंपणाला फाटक म्हणून
जुन्या पलंगाची स्प्रिंगांची जाळी.
कुत्री आधी आली, मग ती.
तिनं माझ्या हातात बादली दिली,
मग विहीर दाखवली.
खारट आहे, म्हणाली. शेळ्यांची तक्रार नाही.

कुठून कुठे? मी पुन्हा गोल काढला.
ती हसली, भिंतीला टेकून हसली.
मग मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं तिला,
आमच्याकडे म्हणतात
काखेत कळसा नि गावाला वळसा.
ती माझ्या बाटल्यांकडे बघत राहिली.
इथे, म्हणाली,
कळसा काखेत असेल तरच वळसा जमतो.

निघताना फडक्यात बांधलेला चीजचा गोळा दिला,
डोंगरापलीकडच्या बहिणीला.
खेचरावरून दीड दिवस. तुझ्या रस्त्यानं दोन.
सोळा वर्षं झाली, गेले नाही.
का, ते सांगितलं नाही.
गाठ मात्र दोनदा बांधली.

त्या रात्री स्टोव्ह पेटला नाही.
ओट्स गार पाण्यात, वाळूसकट.
लांब कुठे दोन कोयोटी, मग एकच.
मी फडकं सोडलं.
फक्त वास, म्हटलं.
मग फक्त कडेचा तुकडा.
मग कड सरळ दिसावी म्हणून
आणखी एक.

चौथ्या दिवशीची चढण आठवत नाही.
नारळाएवढे धोंडे आठवतात,
आणि पिंडऱ्यांत शिरलेले चोयाचे काटे
कंगव्यानं उपटून काढणं.

प्लासिदा अंगणात खजूर निवडत होती.
तिनं चीजच्या आधी फडकं ओळखलं.
मग कापलेली कड अंगठ्यानं चाचपली.
आपला वाटा आधी काढून घेतलाच तिनं, म्हणाली,
लहानपणापासून अशीच.
आणि मीठ जास्त, मीठ जास्त, म्हणत
उभ्यानं खात राहिली, डोळे मिटून.

मी पाणी पीत होते.
पीतच राहिले.
ग्लास संपला तरी ओठांवरून काढला नाही.

शेवटचा दिवस मुरमाचा, उताराचा,
वारा पाठीशी.
पाणी संपत आलेलं, म्हणजे ओझंही.
तरी मागचं चाक कुणी धरून ठेवल्यासारखं.
ब्रेक तपासले, दोनदा. घासत नव्हते.

नाबोर त्याच खुर्चीत.
फिरून फिरून भोपळे चौकात, मी मराठीतच म्हणाले.
बरोबर आहे, तो म्हणाला त्याच्या भाषेत,
आणि कलिंगडाची फोड पुढे केली.
ती सगळी खाल्ली, सालीच्या पांढऱ्यापर्यंत.
ही मला दिलेली होती.

मग नळाखाली बाटल्या लावल्या.
दोन, तीन, एक.
ती वेगळीही.
नाबोर बघत होता.
आता कुठे?
या वेळी गोल काढला नाही.
आल्या वाटेकडे बोट केलं नुसतं.
वारा आता तोंडावर येणार होता.