घडी मोडण्याआधी

डिसेंबरात औलूला दुपारी दोनलाच अंधारतं.
हेल्वी तुओमिकोस्की नवा लॅपटॉप उघडते,
पण नाव विचारणाऱ्या पडद्याला
नाव सांगत नाही अजून.

आधी नक्कल.
बाहेरच्या डिस्कवर उतरतंय सगळं:
न लिहिलेली पत्रं, न चुकलेले हिशेब,
मैलोन्‌मैल कोरेपण,
एकोणचाळीस टक्के.

मागच्या खेपेला राहून गेलं होतं.
मशीन बसलं, आणि त्यात
एरोचा खोकलाही गेला,
बर्फाच्या एका व्हिडिओत कडेला राहिलेला.

नक्कल असती तरी
कोऱ्या डिस्कमध्ये खोकला कुठला,
हे तिलाही कळतं.

कॉफी निवते. शंभर.
डिस्कवर चिकटपट्टी लावून लिहिते:
‘काहीच घडलं नव्हतं तेव्हा.’

मग स्वतःचं नाव टाइप करते,
एक अक्षर चुकून.