हातचा

अकरा लॅपटॉप, सत्तावीस मुलं.
भागाकार पहिल्याच दिवशी अडला.

मिसिसिपीतलं सपाट गाव,
शाळेची पाठ कापसाच्या शेताला लागलेली.
लॅपटॉपच्या गाडीला कुलूप,
कुलपाची किल्ली ऑफिसातल्या मिस ओडेसाच्या गळ्यात.
एका कीबोर्डावरचं ई उडालेलं;
केझाया आपलं नाव लिहिताना
तिथे पेन्सिलीचं टोक खुपसते.

मी बार्शीची. सतरा वर्षं खडू.
मुलाखतीत विचारलं, तंत्रज्ञान येतं?
म्हटलं, येतं.
येत होतं ते एवढंच, की
भाच्याने पाठवलेलं उघडायचं.

मग रात्र रात्र जागून स्लाइड केल्या.
त्यात अपूर्णांक गिरक्या घेत यायचे,
छेद खालून, अंश वरून,
आणि आमचा प्रोजेक्टर सगळ्यांनाच कावीळ करायचा.
मुलं मन लावून बघायची.
मला वाटलं, शिकतायत.
ती गिरक्या मोजत होती.

ऑक्टोबरात तोऱ्यात जाहीर केलं,
गृहपाठ आता ऑनलाइन.
जॉर्व्हियनचा रकाना पाच आठवडे रिकामा.
शून्य, शून्य, शून्य.
लाल रंग यंत्र आपोआप भरतं,
त्यामुळे माझा हात कधी थबकला नाही.

नोव्हेंबरात, संध्याकाळी, दूध घेऊन येताना
बंद लायब्ररीच्या पायऱ्यांवर एक चेहरा दिसला,
खालून उजळलेला.
आजीचा फोन, काच तडकलेली.
"मिस डोब्ली," तो म्हणाला
(ढोबळे कुणालाच जमत नाही),
"या पायरीवर दोन काड्या येतात.
तिसरीवर बसलात तर तीन."

बसले. दगड गार होता.
सातवं गणित वर चढायला अकरा मिनिटं लागली.
चढलं, ते चुकलेलं.
शून्याकडून उसनं घेताना त्याची गाडी अडली होती.
मी काही बोलले नाही.
दुधाची बाटली मांडीवर ओली होत राहिली.

घरी येऊन शून्यं पुसली.
प्रत्येकापाशी यंत्र थांबून विचारायचं, खात्री आहे?
पाच वेळा हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गाडी बाहेर काढलीच नाही.
फळ्यावर चार हजार तीन, वजा अठराशे शहात्तर.
म्हटलं, शून्याकडे मागायला गेलात तर शून्य काय देणार?
त्याच्या शेजाऱ्याकडे जा. तोही शून्य.
मग पुढच्या दारी.
जॉर्व्हियन म्हणाला, म्हणजे आपण
चार्जर मागायला मिस हॉलोवेकडे जातो,
आणि त्या जिमच्या सरांकडे पाठवतात, तसं.
वर्ग हसला. माझं
वर्षभराचं प्रशिक्षण त्या वाक्यात उरकलं.

आता माझा जुना फोन
दोन शब्दकोशांच्या थप्पीवर, पट्टीला रबर लावून
उलटा टांगलेला असतो.
खाली ज्याची त्याची वही, वर भिंतभर चूक.
पोरं चुकीपाशी उठून जातात,
बोट ठेवतात: इथे.
एका लॅपटॉपवर तिघं (एकावर एकटीच केझाया नको म्हणते, ती चौथी होते कुठे तरी).
एक दाबतो, एक सांगतो, एक भांडतो.
भांडणाऱ्याचं काम सगळ्यांना हवं असतं.
गृहपाठ पेन ड्राइव्हवर, नेलपेंटने नंबर घातलेले;
ज्याच्या घरी तेही नाही, त्याला कागद.
गिरक्या काढून टाकल्या.

बेरीज करताना वर ठेवतो त्या एकाला
तुमच्याकडे काय म्हणतात, त्यांनी विचारलं.
हातचा, म्हटलं. हातात धरून ठेवायचा,
कागदावर दिसला नाही तरी मोजायचा.
हाच्चा, हाच्चा, वर्गभर झालं.

मार्चमध्ये जिल्ह्याचे साहेब आले, टॅबलेट घेऊन.
नेमकं त्या दिवशी इंटरनेट मेलेलं,
मुलं जमिनीवर, कागद पसरून.
तंत्रज्ञानाचा वापर, एक ते चार.
त्यांनी दोनवर बोट ठेवलं, छान हसले, गेले.

दार लागल्यावर केझाया म्हणाली,
"मिस, त्यांनी हाच्चा धरलाच नाही."