डावखुरा टाका

आधी ती तशी ठेवू नकोस, अबिलिओ.
काठावर बसवली की काठ चपटा होतो.
उताणी ठेव, डोक्यावर,
म्हणजे तिच्या स्वतःच्या डोक्यावर.
हो, टेबलावर कांदे आहेत. सरकव ते.

आणि पुढच्या चिमटीत धरून उचलायची नाही.
सगळे तसंच करतात, सिनेमा बघून.
मग नेमकी तिथेच चीर जाते
आणि येतात दोलिंदाकडे
तोंड एवढंसं करून.

थांब, किटलीला कंठ फुटू दे.

हा ससा आहे. म्हणजे होता.
सशाच्या लवेचा नमदा एकदा शिकला की विसरत नाही,
तुझ्या बापाची पकड, गाडीच्या फळीवरचा दाब,
कुठल्याशा दारात वाकलेला काठ, सगळं लक्षात ठेवतो.
फक्त वाफेत थोडा वेळ त्याला काही आठवत नाही.
तेवढ्यात काय सांगायचं ते सांगून घ्यायचं,
अंगठ्याने, हळू.
चौतीस वर्षं कारखान्यात हेच केलं मी.
माझ्या बोटांना ठसे उरलेले नाहीत,
बँकेतली पोरगी दरवेळी मशीन पुसून बघते.

इथे कसर लागली आहे. दोन भोकं.
चामड्याच्या पट्टीआड, जिथे कुणी बघत नाही,
तिथलाच नमदा ब्लेडने खरवडायचा,
त्याची धूळ सरसात कालवायची आणि दाबायची.
हॅटची कसर हॅटमधूनच भरून काढावी लागते,
बाहेरून आणलेलं धरत नाही.

पट्टी उलटली तेव्हा हे निघालं, बघ.
वर्तमानपत्राच्या घड्या, फ्रेंच,
घोड्यांच्या शर्यतीचे निकाल.
आणि खाली शिक्का आमचाच: साओ जोआओ दा मदैरा.
माप एकोणसाठ.
तुझ्या बापाचं डोकं छप्पन्न.
मला आधी डोकी दिसतात, माणसं नंतर.

पॅरिसमध्ये पहिल्या पगारात नवी घेतली, म्हणायचा ना?
पगार खरा असेल. पॅरिसही खरं.
नवी तेवढी नसावी.
आपल्याच गावची हॅट
कुणा मोठ्या डोक्यावरून उतरली
आणि तिथल्या बाजारात ह्याला सापडली.
शिक्का त्याने पाहिला होता की नाही
ते मी सांगू शकत नाही. घडीखाली होता तो.

नवी रिबन लावा म्हणतोस.
गुरुवारी ये.

*

तो गेल्यावर दिवा खाली ओढला.
बोच्या मागे सात टाके,
सातही उजवीकडून डावीकडे झुकलेले.
असे टाके आमच्या लांब टेबलावर एकटीचेच असायचे.
एतेल्विना.
शाळेत तिचा डावा हात बाकाला बांधून ठेवत.
सुटला तो कारखान्यात,
तुकड्यामागे पैसे मिळायला लागल्यावर,
कारण तोच जलद होता.
मुकादम म्हणायचा, उलटे दिसतात.
ती म्हणायची, तुम्ही उलटे उभे आहात.

तिला जाऊन नऊ वर्षं झाली.
म्हणजे ही हॅट तिच्या हातून माझ्याच हाती आली असणार,
शेवटचा ब्रश फिरवायला,
आणि मी वर न बघता
पेटीत ठेवली असणार.

रिबन धुवायची तर टाके उसवावेच लागतात.
उसवले. सहा.
सातवा ठेवला.
मग सुई डाव्या हातात घेतली.
दोनदा टोचली. तिसऱ्यांदा
शेजारच्या कार्मिंदाचा नातू अक्षरं गिरवतो
तसं काहीतरी उमटलं.

*

घे. वाफेचे पैसे लावलेत, कसरीचे लावलेत.
कागदाच्या घड्या परत आत आहेत,
तुझंही डोकं छप्पन्नच.
रिबन तीच आहे. तिचे नाही लावले.
मागे जरा ओबडधोबड आहे,
तिथे सारखं बोट लावून बघू नकोस.
आणि अबिलिओ,
चिमटीत नाही. काठाला धर. दोन्ही हातांनी.