पाणी कुठवर आलंय

गंगेला पूर आला की आमच्याकडे
आकडे कुणी विचारत नाही.
क्युसेक म्हणजे काय ते पाटबंधाऱ्याला ठाऊक.
आम्ही विचारतो, मारुतीला कुठवर?
घोटा, गुडघा, कंबर, छाती.
गळ्याशी येण्याआधीच भांडीबाजार आवरायला लागतो.

दुतोंड्या म्हणतात त्याला.
एक तोंड इकडे, एक तिकडे,
आणि दोन्ही तोंडांनी त्यानं आजवर
एकच सांगितलंय.

त्या मंगळवारी मी त्याला विचारलं नाही.
पाच वाजायला वीस मिनिटं. कुकरची दुसरी शिट्टी.
फोनमध्ये एका बाईचा रडवेला आवाज:
"धरणाला तडा गेलाय, आमचे मिस्टर तिथेच ड्यूटीला आहेत,
मुलांना घेऊन निघा, हे लोक लपवतायत."
मागे पाण्याचा आवाजही होता.
तो नळाचा असू शकतो
हे मला तिसऱ्या दिवशी सुचलं.

तिसरी शिट्टी व्हायच्या आत
बचत गट, सातवी ब पालक, माहेरची मंडळी:
एकशे अठरा माणसं.

सराफ बाजारात शटरं पडत गेली.
होळकर पुलावर रिक्षा, रिक्षांत गाद्या,
गाद्यांवर म्हाताऱ्या.
कौतिकबाई पगारे झेंडूची टोपली टाकून पळाली,
नातू काखेत.
घाटाच्या पायरीवर तिचं मनगट मोडलं.
नातवाला खरचटलंसुद्धा नाही,
असा हात तिनं खाली घातला.

निवृत्ती गांगुर्डे तेवढा उलटा गेला.
रिक्षा कडेला लावून गंगेवर बघून आला
आणि दहीपुलाशी उभा राहून ओरडत राहिला,
"गुडघ्याला आहे! गुडघ्याच्याही खाली!"
कुणी थांबलं नाही.
त्याच्याकडे रडणारी बाई नव्हती.
त्याच्याकडे फक्त ओली पँट होती.

रात्री खुलासा आला, सही-शिक्क्यासकट.
मी वाचला.
पुढे पाठवला नाही. लाज वाटली.

चौथ्या दिवशी मागे मागे चालत निघाले.
मला पाठवलं सातपूरच्या मामेबहिणीनं,
तिला तिच्या दिरानं, त्याला कंपनीतल्या कुणा अहिररावांनी,
त्यांना ओझरच्या एका नंबरनं.
तो नंबर बंद.
गोदावरीचा उगम ब्रह्मगिरीवर जाऊन
बोट ठेवून दाखवता येतो.
याचा नाही.
पण मधला एक घाट माझा होता.
तिथून ते माझ्या हातानं पुढे गेलं.

मग फोन लावत बसले.
"मी पाठवलेलं खोटं होतं. मी पाहिलं नव्हतं."
पहिल्यांदा जीभ टाळूला चिकटली.
विसाव्यांदा वीजबिल वाचल्यासारखं झालं,
तेव्हा थांबले, पाणी प्यायले, पुन्हा पहिल्यासारखं म्हटलं.
एकसष्ट जणांनी उचलला.
एकानं शिव्या दिल्या. त्या मला बऱ्या वाटल्या.
बाकीच्या म्हणाल्या, "जाऊ दे गं,
काळजीपोटीच पाठवलंस ना."

काळजीपोटी.
काळजीच्या पोटी काय काय जन्मतं,
पण बाळंतिणीला कुणी बोल लावत नाही.

ओवी आता प्रत्येक गोष्टीला विचारते,
"तू पाहिलंस, की ऐकलंस?"
भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तरी.
कधी कधी मी चिडते.

काल कौतिकबाई आली.
प्लास्टर निघालंय, मूठ अजून पुरती वळत नाही.
डाव्या हातानं फोन माझ्यापुढे धरला.
फोटोत झाडाखाली तिघी बायका, गाठोडी,
एक लंगोटातलं पोर.
"पोरं पळवणाऱ्या आल्यात म्हणं तपोवनाकडं.
तू शिकलेली. खरं का?"

"माहीत नाही," मी म्हटलं.
ती वाट बघत राहिली,
पुढे काहीतरी येईल म्हणून.
पुढे काही नव्हतं.

चपला घातल्या. निवृत्तीला हाक मारली.
"चल कौतिक, बघून येऊ
कोण आहेत त्या.
आणि जेवल्यात का."